एक जूनच्या दोन बहिणी

बालदोस्तांनो, आज एक गंमत करून पाहा. घरातल्या, शेजारच्या, गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना त्यांची जन्मतारीख विचारा आणि वहीत लिहून काढा. वही भरत जाईल तशी एकच तारीख पुन्हा पुन्हा यायला लागेल. १ जून!

म्हणजे आपल्या आजी-आजोबांच्या काळात मुलं फक्त एक जूनलाच जन्माला येत होती की काय?

तसं नाही बरं का. ही सगळी आम्हां शिक्षकमंडळींची करामत आहे. पूर्वी खेड्यात जन्माची तारीख लक्षात ठेवायची पद्धतच नव्हती. बाप पोराचा हात धरून शाळेत यायचा. गुरुजी विचारायचे, "जन्म कधीचा?" बाप म्हणायचा, "पेरणीच्या वक्ताचा असंल." मग गुरुजी पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला सांगायचे. बोटं कानाला पोचली की सहा वर्षं पुरी झाली! शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होणार, म्हणून गुरुजी सहा वर्षं मागे मोजून लिहायचे, १ जून. झालं. त्या दिवसापासून तोच त्या पोराचा जन्मदिवस. पुढे नोकरी, पेन्शन सगळं त्याच तारखेवर.

आमच्या शाळेच्या लोखंडी कपाटात जुनी जनरल रजिस्टरं आहेत. जनरल रजिस्टर म्हणजे शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाची कायमची नोंदवही. तुमचा शाळा सोडल्याचा दाखला याच वहीवरून लिहितात. जुनी पानं उलटली की वरपासून खालपर्यंत एक जून, एक जून, एक जून. मला पूर्वी हसू यायचं. आता येत नाही. का ते सांगते.

मी सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. दोन वर्षांपूर्वी चौथीच्या वर्गाला मी वंशवृक्ष काढून आणायला सांगितला. चौथीची मुलं, त्यामुळे भोसल्यांची वंशावळ तोंडपाठ! बाबाजीराजे, त्यांचे मालोजीराजे आणि विठोजीराजे, मालोजीराजांचे शहाजीराजे आणि शरीफजीराजे, शहाजीराजांचे शिवराय. म्हटलं, आता अशीच आपल्या घरची काढा.

दुसऱ्या दिवशी चित्रं आली. कुणी आंब्याचं झाड काढलं होतं, कुणी वडाचं. दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीचं झाड सगळ्यांत सुरेख होतं. मुळाशी खापरपणजोबा, मग पणजोबा, आजोबा, वडील, काका, चुलतभाऊ, भाऊ आणि शेंड्यावर ती स्वतः. मी विचारलं, "अगं, यात तुझी आजी कुठाय?"

ती म्हणाली, "आजी घरातच आहे की, बाई."

सगळा वर्ग हसला. मीही हसले. पण मग वर्गातली सगळी झाडं पाहिली, तर जवळपास प्रत्येक झाडावर बाप्येच बसलेले! मी म्हटलं, भोसल्यांच्या वंशावळीत जिजाबाई नसत्या तर चाललं असतं का? त्या सिंदखेडच्या लखुजी जाधवांच्या कन्या, हे आपल्याला माहीत आहे ना? मालोजीराजांच्या पत्नी उमाबाई फलटणच्या निंबाळकरांच्या, हेही पुस्तकात आहे. मग आपल्याच आज्या कुठे गेल्या? उद्या प्रत्येकाने आजीचं नाव, तिचं माहेरचं नाव आणि गाव विचारून यायचं.

तेवढ्यात त्याच मुलीने हात वर केला. "बाई, तुमच्या आजीचं माहेरचं नाव काय?"

आणि मुलांनो, मला ते सांगता आलं नाही.

माझी आजी, वडिलांची आई, आमच्या जुन्या घरी काकांकडे असते. कागदोपत्री तिचं नाव पार्वती. पण हे नाव सासरचं. आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहायचा. हात फिरवून तांदूळ सारखे केले की ते पुसायचं, पण नाव मात्र जन्माला चिकटायचं. जुनं नाव माहेरच्या उंबऱ्यातच राहायचं.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी आजीकडे गेले. नव्वदीला टेकलेली आजी. हल्ली ती अधूनमधून मला माझ्या आत्याच्या नावाने हाक मारते. मी विचारलं, "आजी, तुझं माहेरचं नाव काय गं?"

"माजं व्हय? हौसा."

मी लगेच वहीत लिहिलं. तर काका म्हणाले, "हौसा नव्हे. लहानपणी मी आजोळी गेलो की मामा तिला सुंदराक्का म्हणायचे." आजीला पुन्हा विचारलं, तर म्हणाली, "हौसा म्हंजे माजी भन." आणि थोड्या वेळाने पुन्हा, "मीच की हौसा."

आता आली का पंचाईत? आजीला कुणी बहीण होती, हे आमच्या घरात काकांनासुद्धा ठाऊक नव्हतं. तिचे दोन्ही भाऊ केव्हाच वारले. आजी एकटी उरलेली आणि तिची आठवण अशी धुक्यात जाणारी. विचारायचं तर आत्ताच विचारायला हवं होतं. खरं म्हणजे दहा वर्षांपूर्वीच विचारायला हवं होतं.

तुम्ही विचारायला जाल तेव्हा एक लक्षात ठेवा. "तुझा जन्म कुठल्या साली?" असं विचारू नका, उत्तर येणार नाही. "तेव्हा काय झालं होतं?" असं विचारा. १९७२च्या दुष्काळात तू खडी फोडायला होतीस का? कोयनेचा भूकंप झाला (११ डिसेंबर १९६७ची पहाट) तेव्हा बाबा रांगत होते की चालत होते? पुण्याकडची माणसं पानशेतच्या पुरावरून, म्हणजे १२ जुलै १९६१वरून मोजतात. लातूरकडे ३० सप्टेंबर १९९३चा भूकंप कुणी विसरत नाही. मी आजीला विचारलं, "गांधीजी गेले तेव्हा तू कुठं होतीस?" ती चटकन म्हणाली, "म्हायारात. त्याच उन्हाळ्यात माजं लगीन झालं. तेरावं सरलं नव्हतं." गांधीजी गेले ३० जानेवारी १९४८ला. म्हणजे लग्न १९४८च्या उन्हाळ्यात आणि जन्म १९३५च्या आसपास. (१९२९च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचं वय चौदा ठरवलं होतं. पण कायदा आमच्या गावापर्यंत चालत येत होता, वाटेत कुठेतरी बसला असावा.) आणि आधार कार्डावर? १ जानेवारी १९४०!

तुम्ही म्हणाल, घरात जुने कागद नव्हते का? होते. आजीच्या ट्रंकेत तिच्या भावाची पोस्टकार्डं होती, पणजोबांची जन्मपत्रिका होती, मिरजेच्या स्टुडिओत काढलेला आजी-आजोबांचा एकुलता एक फोटो होता. ऑगस्ट २०१९मध्ये महापूर आला. सांगलीला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं होतं. आमच्या जुन्या घरात माळ्याच्या खाली सगळीकडे पाणी. माणसं आणि जनावरं सुखरूप बाहेर काढली, त्या घाईत ट्रंक कोण आठवणार? पाणी उतरल्यावर ती उघडली तर आत कागदांची चिखलाने भरलेली वीट झालेली. मी आणि काका ती वीट नखांनी सोडवायला बसलो. पोस्टकार्डांची शाई पाण्याबरोबर गेलीच होती, कागदही हातात तुकड्या-तुकड्यांनी यायला लागला. फोटो चौकटीतल्या काचेला चिकटला होता. काकांनी जोर लावून ओढला आणि आजोबांचा चेहरा काचेलाच राहिला.

तो फोटो ओढायला नको होता, हे मला नंतर कळलं. काचेला चिकटलेल्या फोटोचा काचेवरूनच दुसरा फोटो काढून घ्यायचा असतो. भिजलेले कागद लगेच एकमेकांपासून ओढायचे नाहीत. वरवरचं पाणी निथळू द्यायचं, मग टीपकागद किंवा कोरे सुती कापड खाली-वर ठेवून सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात वाळवायचे. उन्हात टाकले की कागद आक्रसतो आणि शाई उडते. वर्तमानपत्रात दाबू नये, त्याची शाई आपल्या कागदावर उतरते. फोटो चिखलाने माखले असतील तर ते वाळायच्या आत स्वच्छ थंड पाण्यात अलगद हलवून, चित्राची बाजू वर ठेवून सुकवायचे. बोटं फक्त कडेला लावायची. आणि एकदम खूप कागद भिजले, एवढं सगळं करायला वेळच नाही, तर? ते पिशव्यांत घालून चक्क डीप फ्रीझरमध्ये ठेवायचे! गोठलेल्या कागदाला बुरशी लागत नाही, सवडीने थोडे-थोडे काढून वाळवता येतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण मोठमोठी ग्रंथालयं असंच करतात.

पूर आला नाही तरी कागदाचे शत्रू घरातच असतात. कसर, वाळवी, ओल आणि आपण स्वतः! फाटलेल्या कागदाला आपण चिकटपट्टी लावतो. काही वर्षांनी ती पिवळी पडते आणि कागदालाही डाग पाडते. जपायचं म्हणून मूळ दस्तऐवज लॅमिनेट करून आणतो. ती गरम प्लास्टिकची कातडी पुन्हा काढता येत नाही. फोटोच्या मागे बॉलपेनने दाबून नावं लिहितो, ती पुढच्या बाजूला चेहऱ्यावर उमटतात. त्यापेक्षा मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहा. पण लिहा नक्की! नाव नसलेला फोटो दोन पिढ्यांनी कुणाचाच नसतो. टाचण्या आणि पिना काढून टाका, त्या गंजतात. प्लास्टिकच्या पिशवीत कायमचं बांधून ठेवू नका, आत ओल कोंडते. आपल्याकडे पोथ्या सुती कापडाच्या बासनात गुंडाळून, सोबत वेखंड ठेवून जपत असत. घरच्या कागदांनाही ते चालतं. पत्र्याखालच्या माळ्यावर आणि जमिनीलगत मात्र नको. मोबाइलवर फोटो तर काढाच, पण मोबाइलही हरवतो. म्हणून एक प्रत दुसऱ्या गावच्या मामाकडे किंवा मावशीकडे पाठवून द्या. नदी एकाच वेळी दोन्ही घरांत यायची नाही.

इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले ते असे घराघरांतले कागद वाचवायलाच. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड त्यांनी १८९८ साली काढला आणि पुढे एकूण २२ खंड झाले. आपल्या ट्रंकेत कुणा सरदाराची पत्रं निघणार नाहीत. पण आपल्या घराला दुसरा कुणी राजवाडे भेटणार नाही, हेही तितकंच खरं.

घरचे कागद संपल्यावर मी बाहेर शोधायला लागले. आमच्या भागात सुगीनंतर हेळवी येतात. ते घराण्याच्या पिढ्यांची नावं सांगतात आणि धान्य घेऊन जातात. पूर्वी सगळं मुखोद्गत असे, आता वह्याही असतात. आमच्या हेळव्याने माझ्या वडिलांकडच्या सात पिढ्या धडाधड म्हणून दाखवल्या. मी थक्क झाले. पण आजीचं नाव विचारलं तर म्हणाला, "ते त्यांच्या म्हायारच्या हेळव्याकडं, बाई." नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यायांकडेही अशाच वह्या असतात. तुमच्या घरातलं कुणी पूर्वी तिथे जाऊन आलं असेल तर गाव आणि आडनाव सांगा, कदाचित पणजोबांची नोंद निघेल.

मग मी तलाठी कार्यालयाकडे वळले. सातबारा तुम्ही ऐकला असेल. त्याच्या मागची खरी गोष्ट फेरफारात असते. जमिनीचा मालक वारला की वारसांची नोंद होते, त्यात मुलं, मुली, विधवा सगळ्यांची नावं येतात. जुन्या नोंदी म्हणजे एक कोडंच! 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. 'भ्र.' म्हणजे भ्रतार, नवरा. 'अ. पा. क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता, लहान मुलाचा सांभाळ करणारा. मराठवाड्यातले जुने कागद उर्दूत आणि फसली सनाचे असतात. त्या सनात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतो. पत्रिकेतल्या शकात ७८ मिळवायचे (वर्षाच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत ७९). गणिताचा तास वाटतोय ना? पण उत्तरादाखल चक्क पणजोबा मिळतात!

आजीच्या वडिलांच्या मृत्यूनंतरचा फेरफार मिळाला. त्यात आजी होती! पण लिहिलेलं होतं 'पार्वती भ्र.' आणि पुढे आजोबांचं नाव. सासरचंच. त्याच्या पुढच्याच फेरफारात हक्कसोडपत्र झाल्याने तिचं नाव कमी केल्याची नोंद. एका कागदाने आत घेतलं, दुसऱ्याने बाहेर काढलं. बहिणीचा पत्ताच नाही. गाव नमुना १४, म्हणजे पाटील-कोतवालांच्या वेळची जन्ममृत्यूची नोंदवही, तिच्यातही शोधलं. तिथे बापाचं नाव आणि पुढे नुसतं 'मुलगी'. नावच नाही.

(पालकांसाठी एक सांगते. जातपडताळणीच्या वेळी हीच धावाधाव सगळ्यांना करावी लागते. वंशावळ आणि तिला जुना पुरावा लागतो. अनुसूचित जाती-जमातींना १९५०च्या, विमुक्त जाती-भटक्या जमातींना १९६१च्या आणि इतर मागासवर्गीयांना १९६७च्या आधीचा. मूल बारावीला गेल्यावर शोधण्यापेक्षा चौथीत असतानाच शोधून ठेवा.)

शेवटी मला आपल्याच कपाटाची आठवण झाली. शाळा! आजीला थोडं वाचता येतं, सही येते. म्हणजे ती शाळेत गेली असणार.

आजीच्या माहेरच्या गावी गेले. तिथल्या मुख्याध्यापकांना अर्ज दिला, सगळं सांगितलं. त्यांनी कपाटातून बासनात बांधलेली रजिस्टरं काढली. १९४२चं पान उघडलं आणि मी कपाळाला हात लावला. सगळं मोडीत! तेव्हा शाळांमधून मोडी शिकवत असत आणि दप्तरही बरेचदा मोडीत असे. आधी पानभर शिरोरेघा ओढायच्या आणि मग त्यांना लटकवत, लेखणी न उचलता भराभर लिहीत जायचं. आपल्याला नुसती वेटोळी दिसतात. मुख्याध्यापकांनी गावातल्या एका निवृत्त गुरुजींना बोलावलं. ते चष्मा पुसून बोट फिरवत वाचायला लागले. एका ओळीवर थांबले. "ही घ्या. सुंदरा. जन्म, एक जून १९३५."

आणि लगेच खालची ओळ. "हौसा. वडिलांचं नाव तेच. एक जून १९३६." दोघी एकाच दिवशी, जून १९४२मध्ये शाळेत आलेल्या.

रजिस्टरात शेवटी एक रकाना असतो, शाळा सोडल्याचं कारण. सुंदराच्या पुढे होतं, १९४४, घरकाम. हौसाच्या पुढे होतं, १९४३, मयत.

गुरुजींनी चष्मा काढला. मी परवानगी घेऊन त्या पानाचा फोटो काढला. सात वर्षांची एक मुलगी. ना फेरफारात, ना हेळव्याच्या वहीत, ना कुणाच्या वंशवृक्षात. जगात तिच्या नावाची ही एकच ओळ होती. तारीखसुद्धा तिची स्वतःची नव्हती, गुरुजींनी अंदाजाने दिलेली.

संध्याकाळी आजीच्या खाटेवर बसून मी फोटो मोठा केला आणि वाचून दाखवलं. सुंदरा. हौसा.

आजी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "हौसा गेली. मग आई मलाच हौसा म्हणाया लागली. हाक मारायची आन् मी व्हय म्हणायची." थोडं थांबून म्हणाली, "पाटी एकच हुती दोघींत. ती पुसायची थुकीनं. मी मारायची तिला."

मी विचारलं, "आणि तुझा जन्म कधीचा गं? हे एक जून तर गुरुजींनी लिहिलंय."

"नागपंचमीच्या आदल्या दिशी. आई झोका बांधाय निघालेली, तवा कळा आल्या." जुन्या पंचांगावरून पाहिलं, त्या साली नागपंचमी ऑगस्टच्या अगदी सुरुवातीला आली होती. हौसाचा जन्म मात्र तिला सांगता आला नाही.

सोमवारी वर्गात मी माझा वंशवृक्ष फळ्याशेजारी लावला. सुंदराच्या फांदीशेजारी एक लहान फांदी काढून तिच्यावर हौसाचं नाव लिहिलं. दुसऱ्या बाकावरच्या त्या मुलीने स्वतःचं झाडही पुन्हा काढून आणलं होतं. त्यात आता इतकी माणसं झाली होती की तिला कागदाला खालून दुसरा कागद जोडावा लागला होता.

"बाई," ती म्हणाली, "चिकटपट्टी लावली नाही. खळ लावलीय."